दुसरं नाव

कमलताईंचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं तेच चुकीचं ऐकलं.

"नवीन नियतकालिकं आली की आधी बोइद्दो दीदींना दाखवायची, मग मांडणीवर लावायची," असं ग्रंथालयातल्या निताई शिपायाने मला पहिल्याच दिवशी मोडक्या हिंदीत बजावलं. सत्तर साल उजाडायच्या आसपासची ही गोष्ट. माझ्या यजमानांची कलकत्त्याला बदली झाली होती. गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टरमध्ये संसार लावून झाल्यावर दिवस खायला उठायचा, म्हणून मी सियालदहजवळच्या एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात तात्पुरती नोकरी धरली होती. दर सहा महिन्यांनी मुदत वाढवून मिळायची, ती मिळेपर्यंत जीव टांगणीला.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मी कार्डं मोजत बसले होते. माणूस कुठेही गेला तरी आकडे आपल्याच भाषेत मोजतो. मी पुटपुटत होते, "सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ..." समोर छत्री टेकवून कोणीतरी उभं राहिलं. उंच, सावळी, चाळिशी ओलांडलेली बाई. फिक्या रंगाची तांताची, म्हणजे तिकडची हातमागाची साडी, तिला इस्त्रीचा पत्ता नाही.

"मराठी?"

"हो. साताऱ्याची. शैला लिमये."

"मी कमल वैद्य. हे लोक बोइद्दो म्हणतात, त्यांच्यात 'व' नाहीच. चहा खाणार?"

मला वाटलं, मी ऐकण्यात चुकले. पण नाही. कमलताई चहा खायच्या, पाणी खायच्या, आणि डोकं दुखलं तर औषधही खायच्या. जन्म कलकत्त्याचा. वडील दातांचे डॉक्टर, तरुणपणीच वाईहून इकडे आलेले. ते गेल्यावर घरात आई आणि या, दोघीच, डमडमच्या घरात. रोज मराठी बोलायला एक म्हातारी आई सोडली तर कोणी नाही. त्यामुळे त्यांचं मराठी एका बाजूला आईच्या वयाचं जुनं आणि दुसऱ्या बाजूला बंगाल्यांच्या वळणाचं. "इश्श" आणि "धुत्" एकाच वाक्यात यायचं.

संस्थेत त्या गेम थिअरीवर काम करायच्या. खेळांचं गणित, असं त्या मराठीत म्हणत, आणि त्याने घोटाळा आणखी वाढायचा. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या चिटणिसांनी एकदा त्यांना गाठलं आणि म्हणाले, "वैद्यबाई, आपण खेळांवर संशोधन करता असं कळलं. यंदा मुलांच्या क्रीडास्पर्धा आपणच घ्याव्यात." मी बाजूलाच होते. मला वाटलं, या आता त्यांना समजावून सांगतील. त्या म्हणाल्या, "घेते की."

आणि खरोखर घेतल्या. पदर खोचून, गळ्यात शिट्टी अडकवून त्या रविवारी सकाळी मैदानात उभ्या होत्या. रस्सीखेचीत एक गट जिंकला. बक्षीस म्हणून एकच पेला होता आणि तो कोणाच्या घरी जायचा यावरून मुलं भांडायला लागली. चिटणीस म्हणाले, गटनायकाला देऊन टाका. कमलताई म्हणाल्या, "थांबा." त्यांनी मुलांना पुन्हा दोराशी उभं केलं, आणि दर वेळी एकेकाला बाजूला काढून खेच लावली. नायकाला काढलं, तरी गट जिंकला. दांडगट मुलाला काढलं, तरी रडतखडत जिंकला. दोराच्या शेवटच्या टोकाला पायात दोर अडकवून बसलेली एक किडकिडीत मुलगी होती, तिच्याकडे कोणाचं लक्षही नव्हतं. तिला काढलं आणि सगळा गट तोंडावर आपटला. मुलांना फार मजा वाटली. पुढचे कार्यक्रम तासभर लांबले म्हणून चिटणीस मात्र चिडले, आणि पेला शेवटी नायकालाच गेला, कारण त्याचे वडील बँकेत मोठे अधिकारी होते.

"हेच माझं काम," येताना ट्राममध्ये कमलताई मला म्हणाल्या. "माणसं एकत्र येऊन काहीतरी मिळवतात. मग त्यात कोणाचा वाटा किती? एवढाच प्रश्न. कोण आल्याने काय वाढलं आणि कोण गेल्याने काय घटलं, ते सगळ्या तऱ्हांनी तपासायचं. शेवटी आला त्याला सगळं देऊन चालत नाही, आणि पहिला उभा होता त्यालाही नाही."

"आणि उत्तर निघतं?"

"निघतं. अगदी नेमकं निघतं." मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "ऐकत कोणी नाही, ते वेगळं."

त्यांच्या सवयी एकेक सांगण्यासारख्या होत्या. लेख वाचताना चूक सापडली की त्या पानात कागदाची चिठ्ठी घालून ठेवायच्या. चिठ्ठीवर बारीक अक्षरात एवढंच, 'ओळ सात. हे खरं नाही.' सही नाही, नाव नाही. नंतर वाचायला येणारे ती चिठ्ठी बघून दचकायचे. कोणी त्यांच्याकडे स्वतःचं काम वाचायला दिलं तर दुसऱ्या दिवशी परत मिळायचंच, आणि त्यात लेखापेक्षा चिठ्ठ्या जास्त. तोंडावर गोड बोलणं त्यांना जमायचं नाही. तरुण पोरं त्यांना टरकून असत आणि तरीही लेख छापायला पाठवण्याआधी गुपचूप त्यांच्याच टेबलावर ठेवून जात. डब्यात रोज फोडणीचा भात. तो खाताना त्या कोणाशी बोलत नसत. "एका वेळी एक," म्हणायच्या.

डॉ. प्रणब भादुरी हे त्यांचे जोडीदार. म्हणजे कामातले. दोघांनी मिळून दहा-बारा वर्षं लेख लिहिले होते. भादुरी देखणे, हसतमुख, बोलण्यात एकदम तल्लख. खोलीत आले की खोली उजळायची. त्यांना कल्पना सुचायच्या, अगदी ढीगभर, आणि त्यातली एखादी चांगलीही असायची. ती घेऊन ते कमलताईंकडे येत. "कमल, जरा बघून दे ना." पुढचे चार-सहा महिने कमलताई बघत राहायच्या. भादुरी तोवर परिषदांना जाऊन यायचे.

लेखावर दोघांचं नाव असायचं. त्या विषयात नावं इंग्रजी आद्याक्षरांच्या क्रमाने घालायची रीत. भादुरी 'बी'चे, वैद्य 'व्ही'च्या. त्यामुळे बारा वर्षं पहिलं नाव भादुरींचं. यात कोणाची लबाडी नव्हती, हे मी आधीच सांगते.

चहाच्या वेळी भादुरी एकदा थट्टेने म्हणाले होते, "कमल, तू इथलीच. बैद्य लिहायला लाग ना. 'बी ए' होईल, मी 'बी एच', म्हणजे माझ्या पुढे जाशील." सगळे हसले. कमलताई म्हणाल्या, "बाबांनी दवाखान्याच्या दारावर जी पाटी लावली होती, तेच नाव माझं. पुढे जायला म्हणून बदलायचं?" त्याही हसत होत्या. तेव्हा तो विनोदच होता.

त्या दोघांचा एक लेख पुढे फार गाजला. त्याची गोष्ट मला माहीत आहे, कारण मी तिथे होते. लेख परदेशी नियतकालिकाला पाठवून झाला होता. त्या दिवसांत शहरात आज बॉम्ब, उद्या बंद, परवा गोळीबार असं चाललेलं. अशाच एका बंदच्या दिवशी यजमानांच्या ऑफिसची जीप त्या बाजूला जाणार होती म्हणून मी येऊन पोचले होते. निताई संस्थेच्या आवारातच राहायचा, त्याने कुलूप काढलं होतं. बाकी इमारतीत शुकशुकाट. साडेदहाला कमलताई आल्या. घामाने निथळत होत्या, चपलेचा अंगठा तुटलेला. डमडमहून रुळांच्या कडेकडेने चालत आल्या होत्या.

"अहो, एवढं काय अडलं होतं?"

"लेखात भोक आहे," त्या म्हणाल्या. "काल भाजी चिरताना दिसलं. तिसऱ्या पायरीनंतर सगळं कोसळतंय."

त्यांनी जुने खंड काढायला लावले आणि जमिनीवरच बसल्या. दुसऱ्या दिवशी भादुरी आले तेव्हा त्यांनी ते सांगितलं. भादुरी म्हणाले, "तपासणाऱ्याला दिसलं नाही, तर कोणाला दिसणार आहे? राहू दे." कमलताई म्हणाल्या, "मला दिसलं ना." भादुरींच्या नावाने त्यांनीच तार केली, लेख थांबवला आणि त्यानंतरचे पंचवीस-तीस दिवस त्या जेवताखाताना दुसरं काही बोलल्याचं मला आठवत नाही. भोक बुजवताना त्यांना जे सापडलं ते मूळच्या लेखापेक्षा मोठं होतं, असं पुढे जाणकारांकडून मी ऐकलं. त्या सापडलेल्या गोष्टीला जगात सगळीकडे भादुरींचं प्रमेय म्हणू लागले. पहिलं नाव भादुरींचं, म्हणून.

परदेशातले एक प्राध्यापक संस्थेत व्याख्यानाला आले होते. त्यांनी त्या प्रमेयाबद्दल भादुरींना भर सभेत काहीतरी खोचून विचारलं. भादुरी हसले, चष्मा पुसला, फळ्याकडे बघितलं. मागच्या रांगेतून कमलताई उभ्या राहिल्या आणि चार वाक्यांत उत्तर देऊन बसल्या. "अगदी हेच मी म्हणणार होतो," भादुरी म्हणाले. चहाच्या वेळी त्या पाहुण्यांनी विचारलं, त्या बाई कोण? भादुरींनी प्रेमाने कमलताईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मिस वैद्य. मला आकडेमोडीत मदत करतात."

कमलताईंनी कप खाली ठेवला. दुपारी ग्रंथालयात येऊन मला म्हणाल्या, "शैला, आकडे मी कधी मोडले ग?" एवढंच.

मग प्रोफेसरची जागा निघाली. एकच जागा, आणि अर्जदार संस्थेतलेच दोघे, भादुरी आणि वैद्य. नवे संचालक नुकतेच बाहेरून शिकून आले होते. त्यांनी नवीनच टूम काढली. माणसाची योग्यता ओळखीपाळखीवर ठरायला नको, आकड्यांवर ठरू दे. कोणाच्या कामाचा पुढे किती जणांनी आपल्या लेखांत उल्लेख केला, हे मोजा. जास्त उल्लेख, तो मोठा. ऐकायला किती न्यायाचं वाटतं! मलाही वाटलं. मी मनातून खूश झाले. आता कमलताईंना कोण अडवतंय, असं घरी यजमानांनाही सांगितलं.

उल्लेखांच्या सूचीचे खंड परदेशातून येत. टेलिफोन डिरेक्टरीसारखे जाडजूड, आत मुंगीएवढी अक्षरं. ग्रंथपाल घोषालबाबूंनी मोजणीचं काम माझ्याकडे दिलं, कारण माझी नजर चांगली. मी भिंग घेऊन बसले.

भादुरींच्या नावाखाली रकानेच्या रकाने. वैद्य, के. या नावाखाली चार ओळी.

मी पुन्हा बघितलं. खंड बदलले, पुन्हा चार-दोन ओळी. म्हणजे कमलताईंनी सुरुवातीला एकटीने लिहिलेल्या दोन लहान लेखांचे उल्लेख तेवढे होते. मग बंदच्या दिवसाचा तो लेख? तो होता. भादुरींच्या नावाखाली होता. त्या ओळीत कमलताईंचं नावसुद्धा नव्हतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. ती सूची फक्त पहिल्या नावाखाली लागत होती. लेख दोघांनी लिहिलेला असो की पाच जणांनी, छापणाऱ्यांनी पहिलं नाव घेतलं आणि बाकीची सोडून दिली होती. जागा वाचावी म्हणून असेल. त्यांना तरी काय ठाऊक, आमच्याकडे कोणी यावरून माणसं निवडणार आहे!

मी घोषालबाबूंकडे गेले. ते वाईट गृहस्थ नव्हते. निवृत्तीला वर्ष राहिलेलं, मुलीचं लग्न ठरायचं होतं, रक्तदाब होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सूचीत जे छापलंय ते मोजायला सांगितलंय, मिसेस लिमये."

"पण त्यात अर्धी माणसं नाहीतच."

"आपण ग्रंथालय आहोत, न्यायालय नाही."

मी ऐकलं नाही. भादुरींच्या नावाखालच्या प्रत्येक ओळीवरून मूळ लेख काढला, मांडणीवरून खंड उतरवला आणि लेखावर कोणाकोणाची नावं आहेत ते बघितलं. दोन आठवडे लागले. रोज शेवटची बस धरायला पळायचे. भादुरींच्या उल्लेखांतले बहुतेक सगळे दोघांच्या लेखांचे होते. एकट्या भादुरींच्या लेखांना कोणी फारसं विचारलेलं नव्हतं. दुसऱ्यांबरोबर त्यांनी लिहिलेले लेखही तसेच पडून होते. शिवाय 'बैद्य, के.' या नावाखालीही मला काही ओळी सापडल्या. उल्लेख करणाऱ्याच्या लेखात कोण्या बंगाली टंकलेखकाने कानाला जसं ऐकू आलं तसं टाइप केलं होतं. सूचीत छापलेली मोजणी पहिल्या कागदावर होतीच, हे सगळं मी दुसऱ्या कागदावर नीट उतरवलं. खाली टीप लिहिली, पहिला कागद पुरेसा नाही, दोन्ही एकत्र वाचावेत.

त्या दिवसांत कमलताई एकदा माझ्या टेबलाशी आल्या. "तू मोजतेयस म्हणे."

"हो. कमलताई, त्यात एक..."

"सांगू नकोस. मी अर्जदार आहे. मला कळता कामा नये."

हे असलं त्यांचं. भादुरी याच काळात दोनदा ग्रंथालयात येऊन घोषालबाबूंबरोबर चहा पिऊन गेले होते.

कागद द्यायच्या दिवशी घोषालबाबूंनी दोन्ही समोर ठेवले. पहिल्यावर सहीची जागा दाखवली. मी सही केली. मग दुसऱ्यावर सही करायला पेन उचललं, तर ते हलक्या आवाजात म्हणाले, "तुमची मुदत या महिन्यात संपतेय ना? कायम करायचा प्रस्ताव मी पाठवलाय. ग्रंथालय समितीत भादुरीबाबू आहेत. सही करायला माझी मनाई नाही. तुम्ही शिकलेल्या आहात, विचार करा."

मी विचार केला. फार वेळ लागला नाही, हेच सांगायला जड जातं. मी पेनाला टोपण लावलं. बिनसहीचा कागद घोषालबाबूंनी पुढे पाठवला नाही आणि फाडलाही नाही, माझ्याकडे परत दिला. मी तो माझ्या खणात ठेवला.

मुलाखत झाली, जागा भादुरींना मिळाली. संस्थेत पेढे वाटले, म्हणजे संदेश वाटले. कमलताईंनी आपला संदेश खाल्ला, भादुरींचं अभिनंदन केलं आणि खोलीत जाऊन बसल्या.

तीन-चार दिवसांनी दुपारी त्या ग्रंथालयात आल्या आणि सूचीचे खंड मागितले. आजवर त्यांनी त्यांना हात लावला नव्हता. मी ते टेबलावर नेऊन ठेवले. त्यांना भिंगही लागलं नाही. अर्ध्या तासात त्यांना सगळं समजलं. मला समजायला दोन दिवस लागले होते.

"इकडे ये, शैला. बस." त्यांनी खंड मिटला. "मुलाखतीत अध्यक्षांनी मला विचारलं, एवढी वर्षं काम करताय, ते कोणी वाचलेलं दिसत नाही. तसं का? मी खरंच मान खाली घातली. मला वाटलं, नसेल वाचलं कोणी." त्यांनी मिटलेल्या खंडावर बोट ठेवलं. "तुला हे दिसलं होतं?"

"हो."

"केव्हा?"

"मोजतानाच."

"आणि?"

मी उठले, खणातून तो कागद काढला आणि त्यांच्यासमोर ठेवला. सही का केली नाही तेही सांगितलं. माझ्या मुदतीचं, घोषालबाबूंचं, सगळं. बोलताना मला रडू आलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या कागद वाचत होत्या. एकेका ओळीवर बोट ठेवून, दुसऱ्या कोणाचा लेख तपासावा तसा. मग त्यांनी पेन्सिल मागितली आणि एक नोंद खोडली.

"हा लेख तू माझ्याकडे धरलायस. यात माझं काही नाही."

"पण त्यावर तुमचं नाव आहे."

"मी टायफॉइडने पडले होते तेव्हाचा आहे. प्रणबने एकट्याने केला. तरी माझं नाव घातलं. मी बरी झाल्यावर फळं घेऊन घरी आला आणि लेख दाखवला. आई रडली होती." त्यांनी खोडलेल्या ओळीखाली नवी बेरीज केली. "तो वाईट माणूस नाही ग. वाईट असता तर मी बारा वर्षं थांबले नसते. मुलाखतीनंतर मी त्याला विचारलं, तू आत काही बोललास का? तर म्हणाला, मी सांगितलं की कमलची मला फार मदत झाली. खोटं नाही बोलला. त्याला खरोखर तसंच वाटतं."

कागद माझ्याकडे सरकवून त्या म्हणाल्या, "आता बरोबर आहे."

"मी आता सही करते. संचालकांकडे नेऊन देते, कमलताई. अजूनही..."

"कशाला? तेव्हा त्या सहीने काहीतरी वाढलं असतं. आता तुझी नोकरी तेवढी जाईल." आवाज अजिबात चढलेला नव्हता. मला वाटतं, चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर त्यांनी भादुरींबरोबर काम थांबवलं. भांडण नाही, तंटा नाही. भादुरी पूर्वीसारखे कागद घेऊन यायचे, "कमल, जरा बघून दे ना." त्या म्हणायच्या, "वेळ नाही रे." पहिल्यांदा भादुरींना ते खरं वाटलं, मग राग आला, मग ते सगळ्यांना सांगू लागले की जागा न मिळाल्याने कमल कडवट झाली. संस्थेतही तेच बोललं जाऊ लागलं. बाई आधीपासूनच विक्षिप्त. बिनलग्नाची. चिठ्ठ्या घालणारी. तरुण पोरांनी त्यांच्या टेबलावर लेख ठेवणं बंद केलं, कारण आता त्यांच्या बढत्या भादुरींच्या हातात होत्या. प्रोफेसर झाल्यानंतर भादुरींनी नाव घेण्यासारखा एकही लेख लिहिला नाही. ते कोणी मोजलं नाही. मानसन्मान येत राहिले, कारण जुन्या प्रमेयाचे उल्लेख दर वर्षी वाढतच होते.

दीड-दोन वर्षांनी कमलताईंची आई गेली. त्यानंतर महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला आणि डमडमजवळच्या एका मुलींच्या कॉलेजात शिकवायला लागल्या. निरोपसमारंभ नको म्हणाल्या, आणि कोणी आग्रह केला नाही.

माझी नोकरी कायम झाली होती. मी ती आणखी काही वर्षं केली. मग यजमानांची बिलासपूरला बदली झाली. कलकत्ता सोडायच्या आधी मी मनाचा हिय्या करून डमडमला गेले. दुपारचे तीन वाजले असतील. कॉलेजला सुट्टी होती. त्यांनी दार उघडलं, ओळखलं, आत घेतलं. केस पांढरे झाले होते, बाकी तशाच. बैठकीच्या खोलीत खुर्च्या दोनच, आणि एक अख्खी भिंत काळ्या फळ्याने व्यापलेली. फळा वरपासून खालपर्यंत लिहिलेला होता.

"बदली झाली आमची," मी म्हणाले.

"बरं."

"कमलताई, त्या वेळी मी..."

"नोकरी कायम झाली होती ना?"

"झाली होती."

"मग झालं तर."

यापुढे त्या विषयावर बोलायला जागा उरली नाही. मी फळ्याकडे बघितलं. "अजून काम चालू आहे तुमचं?"

"चालू आहे."

"छापायला कुठे पाठवता?"

"नाही पाठवत."

"असं कसं? मग ते कोण वाचणार?"

"वाचलं की मोजायला बसतात," त्या म्हणाल्या. त्या हसल्या असत्या तर मीही हसले असते.

बाहेरून विमान गेलं, त्याचा आवाज संपेपर्यंत बसलो. मग मी उठले. वाकून नमस्कार केला तर त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, डोक्यावर हातही ठेवला नाही. मी चपला घालत होते तेव्हा त्यांनी ओलं फडकं घेतलं आणि फळा पुसायला सुरुवात केली. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून, सावकाश, ओट्यावरून फडकं फिरवावं तसा. मला थांबा म्हणावंसं वाटलं. त्यात काय होतं ते मला कधीच कळलं नसतं, तरीही.

"दार ओढून घे," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "मांजर शिरतं."

मी दार ओढून घेतलं. रस्त्यावर आल्यावर मागे वळून बघितलं. खिडकीच्या गजांतून फळा दिसत होता, ओला, काळाभोर. तो वाळायची वाट बघत त्या खडू घेऊन समोर उभ्या होत्या.